सेल्फ मारून गाडीची लायकी ठरवणं बंद करा!

जुन्या गाड्या दोन, जागा एकीपुरतीच. एक ठेवायची, एक विकायची. मग निर्णय कसा होतो? दोन्हींचा सेल्फ मारतात. जी चालू झाली ती राहिली, जी झाली नाही ती गेली. संपला विषय! जिच्या पत्र्याला पन्नास वर्षांत भोक पडलं नाही ती भंगारात जाते आणि पुट्टीच्या थरावर उभी असलेली चकचकीत गाडी कौतुकाने घरात राहते. हे पुन्हा पुन्हा बघून डोकं फिरतं.

अहो, इंजिन हा जुन्या गाडीतला दुरुस्त करायला सगळ्यात सरळ भाग आहे. ते खाली उतरतं, बोअर होतं, ओव्हरसाइझ पिस्टन आणि रिंगा बसतात, क्रँक ग्राइंड होतो. आणि उभी राहिलेली गाडी चालू होत नाही त्याचं कारण बहुतेक वेळा किरकोळ असतं. पॉइंटवर, म्हणजे प्लगच्या ठिणगीसाठी करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांवर, काळपट थर आलेला असतो, कंडेन्सर गेलेला असतो, कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जुन्या पेट्रोलचा डिंक वाळलेला असतो, नाहीतर पंपाचा डायफ्रॅम फाटलेला असतो. पॉइंट बारीक पॉलिश पेपरने साफ करा, गॅप त्या गाडीच्या पुस्तकातला लावा (बऱ्याच गाड्यांना ०.३५ ते ०.४० मिमी), टाकी रिकामी करून ताजं पेट्रोल घाला. एका दिवसाचं काम. एवढ्यासाठी गाडी विकायची?

"इंजिन जाम आहे" हे ऐकलं की तर लोक थेट गिऱ्हाईक शोधायला लागतात. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये गंज सोडवणारं पातळ तेल ओता, तीन-चार दिवस तसंच राहू द्या. मग प्लग बाहेरच ठेवून क्रँकच्या नटावर पाना लावा आणि हाताने थोडं मागे, थोडं पुढे असं हलवा. गंजाने धरलेली रिंग बऱ्याचदा अशीच सुटते. पण नाही! गाडी गियरमध्ये टाकून दोरीने ओढतात, सेल्फवर सेल्फ मारतात. रिंग तुटते, सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर ओरखडे पडतात, आणि चार दिवसांच्या तेलाने सुटलं असतं ते इंजिन पूर्ण उघडावं लागतं. वर म्हणायला मोकळे, "बघा, खराबच होतं."

एक अपवाद मात्र खरा आहे. काटेकोर अर्थाने विंटेज म्हणजे १९१९ ते १९३० मधल्या गाड्या. त्यातल्या कित्येकींची बेअरिंग व्हाइट मेटल (मऊ मिश्रधातू) ओतून बनवलेली असतात. ती दुकानातून आणून बसवता येत नाहीत, ओतून मग मशिनवर मापाला आणावी लागतात आणि तो कारागीर सहज मिळत नाही. तिथे इंजिनाच्या तब्येतीला वजन द्याच.

आणि चालू झालेल्या गाडीचं तरी काय कळलं? फक्त ती चालू होते एवढंच. इंजिन गरम करा, सगळे प्लग काढा, कॉइलची वायर सोडा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि प्रत्येक सिलिंडरवर कॉम्प्रेशन गेज (आतला दाब मोजणारं) लावून सेल्फने पाच-सहा फेरे फिरवा. आकडा थोडा कमी असला तरी चालेल, पण सिलिंडरांमध्ये १०-१५ टक्क्यांहून जास्त फरक नको. ज्यात कमी आला त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा गेल्या. नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारचे दोन्ही कमी असतील तर गॅस्केट त्या दोघांच्या मधेच उडालेलं असण्याची शक्यता जास्त. अर्ध्या तासाचं काम आहे, पण ते न करता आवाज ऐकून माना डोलावतात.

खरा निकाल पत्रा देतो. वेगळी चॅसी नसलेल्या गाडीत पत्रा हाच सांगाडा असतो, तो गेला की गाडी गेली. गंज आतून बाहेर येतो. रंगाखाली बोटाएवढा फुगा दिसतो तेव्हा मागे तळहाताएवढा पत्रा खाल्लेला असू शकतो. दाराखालचे सिल, जॅक लावायच्या जागा, मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर, पुढच्या काचेचे खालचे कोपरे, डिकीत स्टेपनीचा खड्डा, कार्पेटखालचा फ्लोअर – या जागा गुडघ्यावर बसून बघायच्या असतात. चुंबक पातळ फडक्यात गुंडाळून मडगार्डच्या कडेने आणि दारांच्या खालच्या भागावर फिरवा. पकड जिथे सुटते तिथे पुट्टी आहे (बॉडी ॲल्युमिनियम किंवा फायबरची असेल तर अर्थातच हे चालत नाही). जाडी मोजायचं गेज मिळालं तर उत्तम. कंपनीचा रंग साधारण १०० ते २०० मायक्रॉन भरतो, १००० च्या वर गेला की तुम्ही पुट्टी मोजताय. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सिल ठोका. निरोगी पत्रा टण वाजतो, पुट्टी थप्प.

आणि ही सगळ्यात सोपी परीक्षा तरी करा हो! दार उघडं ठेवून त्याच बाजूने जॅकवर गाडी उचला, खाली शिरू नका, आणि दार लावून बघा. लागत नसेल, घासत असेल, तर सांगाडा वाकतोय. त्यावर कितीही लाल रंग मारा. असली गाडी नीट करायची तर आधी दाराच्या चौकटीत आडवे आधार वेल्ड करायचे, मग सडलेलं चांगल्या पत्र्यापर्यंत कापायचं, मग नवा सिल. आधार न देता कापलं की बॉडी बसते आणि दारं पुन्हा कधीच जुळत नाहीत. गंजावर पट्टी, पट्टीवर पट्टी मारून त्यावर ताजा रंग चढवलेली गाडी "रेडी कंडिशन" म्हणून ठेवतात आणि शेजारची मूळ रंगाची, मळलेली, पण टणटणीत गाडी हाकलतात. संताप येणार नाही तर काय!

दुसरी गोष्ट कोणी मोजतच नाही, ती म्हणजे काय गायब आहे. बेअरिंग आणि ऑइल सील मापावर मिळतात. मागच्या दिव्याची काच, हेडलाइटची क्रोम रिंग, दाराची मूठ, मूळ मीटर, वक्र काच हे मिळत नाही, मिळालं तर तुटलेलं मिळतं. सगळं जागेवर असलेली बंद गाडी ही अर्ध्या उघड्या चालू गाडीपेक्षा कितीतरी बरी. टायर, ब्रेकचे होज, रबर यांवरून मात्र निर्णय करू नका, ते दोन्हींना बदलायचंच आहे. टायरच्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा, २३१२ म्हणजे २०१२ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसू दे, तो टायर म्हातारा आहे.

चॅसी नंबर आणि इंजिन नंबर कागदाशी जुळतात का, प्लेटचे रिव्हेट नवे दिसतात का, नंबराभोवती ग्राइंडर फिरलाय का, हे विकायच्या जाहिरातीआधी बघायचं असतं. घेणारा चूक दाखवून भाव पाडतो तेव्हा नव्हे.

पण या सगळ्यांत अक्षम्य म्हणजे विकण्याआधीची ती अदलाबदल. "ही जातेच आहे, हिचा कार्ब्युरेटर तिला लावू, हिचे चांगले बंपर तिला, हिचा डिस्ट्रिब्युटर काढून घेऊ." मॉडेल एकच असलं तरी वर्षागणिक जेट बदलतात, डिस्ट्रिब्युटरमधले ॲडव्हान्सचे (वेगाप्रमाणे ठिणगी लवकर पाडणारे) वेट बदलतात, बंपरची भोकं बदलतात. मग ठेवलेली गाडी टायमिंगला येत नाही, विकलेली गाडी अपुरी म्हणून कोणी दुरुस्त करत नाही आणि शेवटी ती तोडली जाते. दोन्ही गाड्यांचे सुटे भाग एकाच खोक्यात टाकलेले, एकावरही चिठ्ठी नाही, आणि विकलेल्या गाडीच्या डिकीत ठेवलेल्या गाडीची शेवटची शाबूत हेडलाइट रिंग निघून जाते. चिठ्ठ्या लावा! एक तास लागतो!