हा खड्डा आमच्याकडे येत नाही

आमच्या रस्त्याचं नाव सांगत नाही. कुणाच्या तरी वाचनात यायचं आणि "अरे, हा खणायचा राहिलाच की" म्हणत मंडळी ब्रेकर घेऊन हजर व्हायची.

दिवाळीनंतर रस्ता नव्याने डांबरी झाला होता. आमच्यासारखे लोक उगाचच त्यावरून एक फेरी जास्त मारत होते. मग एके सकाळी फाटकासमोर जेसीबी उभा. मी मुकादमाला विचारलं, "काय शोधताय?"

"लाइन."

"कसली?"

"लागली की कळेल, साहेब."

लागली. पाण्याची निघाली. कारंजं असं उडालं की पहिल्या मजल्यावर वाळत घातलेले कपडे पुन्हा धुऊन निघाले. जेसीबीवाले तेवढ्यात चर अर्धवट टाकून पसार झाले, कारण पाइप त्यांच्या खात्याचा नव्हता. ज्यांचा होता ते सावकाश आले, शेजारी दुसरा खड्डा घेतला, पाइप जोडला आणि जोडता जोडता विजेची केबल तोडली. विजेची माणसं आली. त्यांनी तिसरा खड्डा घेतला. आता फक्त ड्रेनेजवाले यायचे राहिले होते. तेही आले, आपलं झाकण गाडलं गेलंय का ते बघायला.

शेवटी जीपमधून एक साहेब उतरले. मी आशेने पुढे झालो. त्यांनी खड्ड्यात डोकावून सांगितलं, "हा आमच्याकडे येत नाही. आमचा तो, पलीकडचा." मला दोन्हींत सलग चिखल दिसत होता. साहेबांनी बुटाच्या टोकाने मातीत हद्द आखून दाखवली आणि आपल्या खड्ड्यात दोन पाट्या खडी टाकायचा हुकूम सोडला. अलीकडच्या खड्ड्यात एक खडासुद्धा पडू दिला नाही. सरकारी पैसा जपून वापरावा लागतो.

घरपट्टी आम्हीच भरतो, पाणीपट्टी आम्हीच, वीजबिलही आम्हीच. ही सगळी खाती आमच्याच खिशावर जेवतात, पण एका स्वयंपाकघरात अबोला धरलेल्या जावांसारखी. एकीने भाजी केली की दुसरी तीच भाजी पुन्हा करणार.

हे दुखणं आमच्या गल्लीपुरतं नाही. मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप काढलं. खणण्याआधी खाली कुणाचं काय आहे ते विचारून घ्या, एवढंच त्याचं सांगणं. न विचारता खणल्यामुळे देशाचं वर्षाला सुमारे ३००० कोटींचं नुकसान होतं, हे तेव्हा सरकारनेच सांगितलं. त्याआधी २०२१ मध्ये १६ मंत्रालयांना एका नकाशावर आणणारी गतिशक्ती योजना आलीच होती. थोडक्यात, एका खात्याने दुसऱ्याशी दोन शब्द बोलावेत म्हणून तिसऱ्या खात्याला मध्यस्थी करावी लागते.

जमिनीखालचं दिसत नाही, हे एक वेळ मान्य. पण अंधेरीचे पूल तर हवेत होते. गोखले पूल २०२२ च्या नोव्हेंबरात बंद झाला, नवा बांधताना रुळांवरचा भाग रेल्वेच्या नियमाप्रमाणे आधीपेक्षा उंच घेतला गेला, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत एक बाजू खुली झाली तेव्हा लोकांना दिसलं की शेजारचा बर्फीवाला पूल त्याला येऊन मिळतच नाही. तो खालीच राहिलाय. मग जॅक लावून बर्फीवाला पुलाचं टोक उचललं आणि जुलैत एकदाचं जुळवलं. पुण्यात विद्यापीठ चौकातले पूल २०२० मध्ये पाडले, कारण तिथून मेट्रो न्यायची होती. पूल बांधायचा खर्च, पाडायचा खर्च, पुन्हा बांधायचा खर्च. तिन्ही वेळा नारळ मात्र आपलाच.

आणि मार्च आला की विचारूच नका. निधी परत जाईल या भीतीने धडधाकट फुटपाथाचे पेव्हर ब्लॉक उचकटून तसलेच नवे बसवतात. केंद्राच्या वित्तीय नियमावलीत चक्क लिहिलंय की वर्षअखेरीला खर्चाची झुंबड म्हणजे आर्थिक औचित्याचा भंग. बहुधा ही नियमावली वाचायला एप्रिल उजाडत असावा.

तर आमचा खड्डा. खालच्या मजल्यावरचे काका बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे ताळेबंद जुळल्याशिवाय झोप नाही. त्यांनी १० रुपये भरून माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला: रस्त्याखाली काय काय आहे, त्याचा नकाशा द्या. अर्ज कलम ६(३) खाली एका खात्याने दुसऱ्याकडे वर्ग केला, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. प्रत्येक वेळी काकांना रजिस्टर्ड पोस्टाने कळवलं. अर्ज फिरवायला लागलेल्या पोस्टेजात खड्ड्याची निम्मी खडी आली असती, असा काकांचा हिशेब आहे आणि तो त्यांनी कागदावर मांडून ठेवलाय.

पण काका चिवट. प्रत्येक खात्याला वेगळा अर्ज करून त्यांनी पाण्याचा, विजेचा, ड्रेनेजचा असे सगळे नकाशे मिळवले. शेवटच्या ऑफिसात तर अधिकाऱ्यांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि हळूच म्हणाले, "काका, ते बाकीच्यांचे नकाशे... आम्हाला एक झेरॉक्स मिळेल का?"

आता सगळे नकाशे एका जागी असलेली शहरातली एकमेव जागा म्हणजे काकांचं लोखंडी कपाट. परवा सकाळी पुन्हा जेसीबी आला. ऑपरेटर खाली उतरला, सरळ काकांच्या दाराशी गेला आणि बेल दाबली.

"काका, इथं खाली काय आहे?"

आतून आवाज आला, "थांब रे, चष्मा घेतो. आणि हे बघ, आधी सांग, तू कुठल्या खात्याचा?"

"ते साहेबांना विचारावं लागेल."