घरपट्टीवर नाव दिसलं म्हणून टोकन देताय? जरा थांबा

सोसायटीचा ग्रुप, नातेवाइकांचा ग्रुप, शाळेच्या बॅचचा ग्रुप, सगळीकडे एकच मेसेज फिरतोय. सार असं की जुना फ्लॅट घेताय तर वकिलाच्या सर्च रिपोर्टवर पैसे घालवू नका, महापालिकेच्या साइटवर मिळकत क्रमांक टाका, विकणाऱ्याचं नाव आणि बाकी शून्य दिसली की मालकी क्लिअर, पालिका टॅक्स घेतेय म्हणजे बांधकाम लीगल, आणि जुनं काही निघालंच तर ते जुन्या मालकाने भरायचं. खाली 'सर्वांना पाठवा' आहेच.

आता साइट बघा हा सल्ला चांगलाच आहे, फुकट आहे, घरबसल्या होतं. पण त्यावरून जे निष्कर्ष काढलेत ते एकेक करून बघितले तर एकही टिकत नाही. मी पुण्याच्या हिशोबाने लिहितोय, मुंबईत जिथे वेगळं आहे तिथे सांगतो.

"बिलावर नाव म्हणजे मालक."

नाही ओ. टॅक्स कोणाकडून वसूल करायचा हे पालिकेला कळावं म्हणून ते नाव असतं, घर कोणाचं हे ठरवायचं काम टॅक्स खात्याचं नाहीच, आणि टॅक्सच्या पावतीने मालकी सिद्ध होत नाही हे कोर्टांनी वेळोवेळी सांगून झालंय. नेहमी दिसणारा प्रकार घ्या, वडील गेले, धाकट्याने मृत्यूचा दाखला आणि एक अर्ज देऊन बिल आपल्या नावावर करून घेतलं, दोन बहिणींनी हक्कसोड पत्र दिलेलंच नाही. बिलावर नाव एक, घरात हिस्से तीन. तुम्ही पैसे देऊन राहायला गेलात की मग बहिणीच्या वकिलाची नोटीस येणार. मालकी बघायची तर रजिस्टर्ड करारांची साखळी बघा, इंडेक्स टू म्हणजे रजिस्टर झालेल्या कराराचा गोषवारा बघा (तो आयजीआरच्या, म्हणजे राज्याच्या नोंदणी खात्याच्या साइटवर शोधता येतो), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट बघा. याच्या उलटही असतं बरं का, फ्लॅट दोनदा विकला गेला तरी बिलावर अजून बिल्डरचंच नाव. म्हणून लगेच फसवणूक समजू नका, हस्तांतराची नोटीस पालिकेला तीन महिन्यांत द्यायची असा नियम आहे पण देतं कोण.

"बाकी शून्य म्हणजे सगळं भरलंय."

त्या एका मिळकत क्रमांकावर शून्य आहे, एवढंच. टेरेसवरची खोली किंवा खालचा गाळा वेगळ्या क्रमांकावर असेल आणि तोही तुम्हाला विकला जात असेल, तर त्याची बाकी या पानावर दिसणारच नाही. नवीन बिल्डिंग असेल तर अजून आकारणीच झालेली नाही असंही असतं, मग मागच्या तारखेपासूनचं बिल एकदम येतं आणि तोपर्यंत फ्लॅट तुमचा झालेला असतो. मुंबईत तर बऱ्याच जुन्या सोसायट्यांना अख्ख्या बिल्डिंगचं एकच बिल येतं. मेंबरने मेंटेनन्स वेळेवर भरला, त्याच्याकडे पावत्या आहेत, पण सोसायटीने पालिकेला भरलं का ते बिल्डिंगच्या बिलावरच कळणार. आणि मुंबई महापालिकेच्या हद्दीत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे, म्हणजे तिथे छोट्या घराच्या बिलात शून्य बघून खूश होण्यात काही अर्थच नाही, त्याच्या आधीचं काय ते विचारा.

"पालिका टॅक्स घेते म्हणजे बांधकाम लीगल."

मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हे. पालिका अनधिकृत बांधकामालाही टॅक्स लावते, उलट जास्त लावते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कलम २६७-अ आहे, त्यात अनधिकृत बांधकामावर टॅक्स अधिक टॅक्सच्या दुप्पटपर्यंत शास्ती, म्हणजे दंड, म्हणून लोक त्याला तिप्पट टॅक्स म्हणतात. आणि त्याच कलमात लिहिलंय की हे पैसे घेतले म्हणजे बांधकाम नियमित झालं असं समजायचं नाही. पिंपरी-चिंचवडला हा शास्तीकर किती वर्षं गाजला ते तिथल्यांना सांगायला नको, २०२३ मध्ये सरकारने तो माफ केला, पण माफ झाली ती शास्ती, बांधकामं लीगल झाली नाहीत. त्यामुळे तिथे आज साधं बिल दिसलं तरी आधी शास्ती होती का हे विचाराच. २०१७ आणि २०२१ ला पुणे पालिकेत आलेल्या गावांतही हाच गोंधळ. तिथे ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टीचा उतारा, दाखवून फ्लॅट विकले गेलेत, आता पालिकेचं बिलही येतं, पण मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र मागितलं की एजंट विषय बदलतो.

खरं तर पालिकेच्या टॅक्स रेकॉर्डचा खरा उपयोग इथेच आहे. आकारणीचा उतारा काढा आणि करारनाम्याशेजारी ठेवून वाचा. समजा करारात वन बीएचके आणि उताऱ्यात त्याच मजल्यावर एक जादाची ओळ, वेगळं क्षेत्रफळ, वेगळं वर्ष, म्हणजे मागाहून काहीतरी बांधलंय, बहुतेक टेरेस झाकलीय. वापर 'बिगरनिवासी' असेल तर तिथे क्लास किंवा ऑफिस चाललेलं असणार. मंजूर नकाशात ते आहे का बघा. नसेल तर भाव त्या खोलीसकट का द्यायचा?

"जुनी बाकी जुन्या मालकाची."

तुमच्या आणि त्याच्या करारात असेल तसं, पालिकेला त्याच्याशी देणंघेणं नाही. कलम १४१ प्रमाणे मिळकत कराचा पहिला बोजा त्या मिळकतीवरच असतो, म्हणजे थकलं तर जप्तीची नोटीस दाराला लागणार आणि दाराच्या आत तुम्ही. थकबाकीवर महिन्याला दोन टक्के चढतात. चाळीस हजार थकले असतील तर महिन्याला आठशे, वर्षाला नऊ हजार सहाशे. म्हणून बाकी विकणाऱ्याच्या पेमेंटमधून वळती करा, रजिस्ट्रेशनच्या आधी भरून घ्या, पावतीवरचा मिळकत क्रमांक स्वतः टॅली करा. 'नंतर बघू' ला हो म्हणू नका.

एक गोष्ट मेसेजमध्ये नाही पण एजंट हमखास सांगतो, "टॅक्स एवढाच येतो, बिल बघा ना." पुण्यात स्वतः राहणाऱ्याला चाळीस टक्के सवलत आहे, मधे ती बंद झाली होती, २०२३ ला परत आली. ती तुमच्या नावावर आपोआप येईल असं धरून चालू नका, नाव बदलून घ्या, राहत असल्याचा पुरावा लावून पालिकेचा पीटी-३, म्हणजे या सवलतीचा फॉर्म भरा. भाड्याने देणार असाल तर सवलत नाहीच, म्हणजे बिल दीडपटीच्या वर. तेव्हा विकणाऱ्याच्या बिलावर सवलत लागलीय का हे आत्ताच वाचून घ्या, नंतर बिल हातात पडल्यावर त्याला फोन लावाल तर तो म्हणणार, मला तर एवढंच यायचं.