समन्स परत गेलं तरी दावा परत जात नाही

आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. कोर्टाचं समन्स घेऊ नका, सही केली नाही तर केस चालत नाही. वकिलाला सगळं खरं सांगू नका, तो समोरच्या पार्टीला मिळतो. वकीलपत्रावर एकदा सही केली की वकील बदलता येत नाही. गरिबाला कोर्ट परवडतच नाही. खाली अंगठ्यांची रांग. निफाड-दिंडोरीकडे जमिनीच्या वाटपाचे वाद थोडे नाहीत, म्हणून गप्प बसवेना.

समन्सचं आधी. दिवाणी दाव्यात तुम्ही पाकीट नाकारलंत की पोस्टमन त्यावर 'घेण्यास नकार' असा शेरा मारतो, आणि कोर्ट तेवढ्यावर समन्स बजावलं गेलं असं धरतं. बेलीफ, म्हणजे समन्स घेऊन येणारा कोर्टाचा माणूस, आला आणि सही दिली नाही, तर तो प्रत दाराला चिकटवून जातो. पुढे दावा एकतर्फी चालतो. समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायची असते. कारण पटलं तर कोर्ट 90 दिवसांपर्यंत मुदत देऊ शकतं. नकार दिला म्हणून ही मुदत थांबून राहत नाही.

आमच्या एका काकांनी नेमकं हेच केलं. बहिणींनी वाटपाचा दावा लावला होता. काकांनी बेलीफला फाटकातूनच परत पाठवलं आणि चार माणसांत अभिमानाने सांगितलं. बहिणींनी पूर्वी करून दिलेलं नोंदणीकृत हक्कसोडपत्र त्यांच्या लोखंडी पेटीत, सातबाऱ्याच्या उताऱ्यांखाली पडून होतं. कोर्टाला ते दिसणार कसं? एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे दाव्याचा निकाल, झाला. तो रद्द करायच्या अर्जाला 30 दिवसांची मुदत असते, तीही टळली. मग विलंब माफ करा म्हणून वेगळा अर्ज आला, वेगळ्या तारखा आल्या. दाव्याचं उत्तर घरातच होतं हो! ती पेटी आठवली की अजून जीव तुटतो.

वकिलापासून लपवणं हे समन्स नाकारण्याइतकंच घातक. अशिलाने विश्वासाने सांगितलेलं त्याच्या संमतीशिवाय उघड करायला कायद्याची मनाई आहे. नव्या साक्ष अधिनियमातही ती कायम आहे. गुन्हा करण्यासाठी सल्ला मागितला तर मात्र हे संरक्षण नाही. तुम्ही लपवलेली विसार पावती, म्हणजे जमीन विकायचं ठरवून आगाऊ रक्कम घेतल्याचा कागद, समोरचा वकील उलटतपासणीत काढतो, तेव्हा तुमच्या वकिलाला सावरायला वेळच उरत नाही.

वकील बदलता येतो. कोर्टाच्या परवानगीने जुनं वकीलपत्र संपवून नवं दाखल करायचं. फी थकली म्हणून फाईल अडवून ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली स्पष्ट केलंय. फी मात्र आधीच ठरवा, पावती घ्या. जिंकल्यावर जमिनीत हिस्सा, असा सौदा बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही.

राहिला पैशांचा मुद्दा. नाशिकला सीबीएस, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याला समिती असते. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग आणि कोठडीतले लोक यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. 15100 वर फोन करूनही विचारता येतं.

त्या मेसेजला अंगठा देणाऱ्या एका वहिनींना परवाच समन्स आलं. त्यांनी सही करून घेतलं. सोमवारी कागदांची सगळी पिशवी घेऊन आम्ही दोघी सीबीएसला उतरतोय.