खुलासा : ‘तुतारी’ मुक्तछंदात नाही

मालगुंडच्या केशवसुतांनी ‘तुतारी’ ही कविता मुक्तछंदात लिहून वृत्ताचे बंधन झुगारले, असा मजकूर सध्या रत्नागिरी परिसरात मोबाइलवर फिरत आहे. तो चुकीचा आहे.

१८९३ मधील ही कविता पादाकुलक या मात्रावृत्तात, म्हणजे मात्रा मोजून रचलेल्या वृत्तात, आहे. लघु (ऱ्हस्व) अक्षराची एक आणि गुरू (दीर्घ) अक्षराच्या दोन मात्रा धरतात. या वृत्तात प्रत्येक ओळीत आठ-आठ मात्रांची दोन आवर्तने, म्हणजे एकूण १६ मात्रा येतात. ‘एक तुतारी’ या शब्दांच्या ३ आणि ५ मिळून आठ, तर ‘द्या मज आणुनि’ यांच्या २, २ आणि ४ मिळून आठ मात्रा होतात. मोजताना ‘दीर्घ जिच्या त्या किंकाळीने’ या ओळीत अनेकांना १७ मात्रा भरतात, आणि बहुधा तिथेच वृत्त मोडल्याचा समज होत असावा. जोडाक्षराचा आघात मागील लघु अक्षरावर पडला, तर ते गुरू होते. परंतु ‘जिच्या’ उच्चारताना ‘च्या’चा आघात मागील ‘जि’वर पडत नाही, त्यामुळे ते अक्षर लघुच राहते. याउलट ‘स्वप्राणाने’ मधील ‘स्व’ पुढील ‘प्रा’च्या आघाताने गुरू होतो. हा निवाडा कानाने करायचा असतो, डोळ्यांनी नव्हे.

यमकही सैल नाही. पहिल्या कडव्याच्या पाच ओळींत मधल्या तीन ‘ने’ने संपतात, तर ‘आणुनि’ आणि ‘मजलागुनि’ या टोकांच्या ओळी एकमेकींशी जुळतात.

केशवसुतांची बंडखोरी आशयात आणि सुनीतासारखा चौदा ओळींचा, तितकाच बांधीव प्रकार मराठीत आणण्यात होती. मुक्तछंद रुजवण्याचे श्रेय पुढील पिढीतील कवी अनिल यांचे आहे.