माझ्या ब्राउझरला कोणी विचारीना

पीएच.डी. करणाऱ्या माणसाला भेटेल तो एकच विचारतो, "कुठवर आलं?" मी हल्ली "ब्राउझरपाशी अडलंय" असं सांगते. समोरचा सहानुभूतीने मान हलवतो आणि मुलांच्या परीक्षांकडे वळतो.

मी सीमंकी वापरते. चारचौघांत हे वाक्य म्हटलं की "किती दिवसांचा कोर्स आहे?" असा चेहरा करून लोक बघतात. तर हा ब्राउझर आहे, आणि चांगला खानदानी आहे. नव्वदच्या दशकातल्या नेटस्केप या ब्राउझरचं घराणं. त्या घराण्यातला मोझिला सूट हा ब्राउझर-मेलचा एकत्र संच यापुढे आम्ही काढणार नाही, असं मोझिला या संस्थेने 2005 साली जाहीर केलं आणि सगळा जीव फायरफॉक्सवर लावला. तेव्हा काही स्वयंसेवकांनी हा सूट दत्तक घेतला, सीमंकी असं बारसं केलं आणि आजतागायत तो सांभाळला. यात ब्राउझर आहे, मेल आहे, पत्त्यांची वही आहे, वेबपान लिहायची सोयसुद्धा आहे. वर फाइल, एडिट, व्ह्यू असा मेनू आहे, जिथे असायला हवा तिथेच. तीन आडव्या रेघांमागे सगळा संसार दडवून ठेवायची हल्लीची तऱ्हा मला पटत नाही. शिवाय माझा लॅपटॉप आता निवृत्तीच्या वयाचा. सगळ्या जगाचा लाडका ब्राउझर त्यावर उघडला की पंखा असा काही घुमू लागतो की शेजारच्या काकू भिंतीपलीकडून विचारतात, "आज काय, पुरणाचा बेत का?"

आता संशोधनाकडे येते. माझा विषय एकोणिसाव्या शतकातली मराठी नियतकालिकं. म्हणजे 1832 सालच्या 'दर्पण'पासून सुरुवात आणि पुढे डोळे जातील तिथवर. या धंद्यात वाचन कमी आणि नोंदी जास्त. कोणता लेख, कोणता अंक, कोणतं पान. पूर्वी लोक हे कार्डांवर लिहून बुटांच्या खोक्यात ठेवायचे. आता त्यासाठी सॉफ्टवेअर असतं. वेबवर लेख वाचताना ब्राउझरच्या वरच्या कोपऱ्यात एक इवलंसं बटण दिसतं. ते दाबलं की लेखकाचं नाव, शीर्षक, खंड, अंक, पानं असं सगळं उचलून आपल्या संग्रहात जमा. प्रबंध लिहिताना तिथून टीप टाकायची, शेवटी संदर्भसूची आपोआप. सूचीची पद्धत बदलायची झाली तर एका क्लिकमध्ये सगळे कंस आणि सगळे स्वल्पविराम जागा बदलतात. आमच्या गाईडसरांचा स्वल्पविरामावर फार जीव. "मॅडम, आशयाचं नंतर बघू, आधी सूची दाखवा."

मी वापरते त्या सॉफ्टवेअरचं नाव सांगत नाही. सूची अजून पूर्ण व्हायची आहे, उगाच वैर कशाला. सॉफ्टवेअर गुणी आहे, फुकट आहे, फक्त ते बटण बसवायला गेलं की पानावर मोजक्या बड्या ब्राउझरांची चित्रं दिसतात आणि माझ्यासारखीसाठी खाली करड्या अक्षरांत एक ओळ असते: तुमचा ब्राउझर सपोर्टेड नाही. ठळक अक्षरांत तरी लिहायचं! नकारसुद्धा दिसू नये अशा बेताने दिलेला.

मी त्यांना मेल लिहिली. सविस्तर, नम्र, घराण्याच्या इतिहासासकट. उत्तरही तितकंच नम्र आलं: आपली अडचण समजली, परंतु हा ब्राउझर वापरणारे फार थोडे आहेत. आता खरं सांगायचं तर त्यांचंही चुकत नाही. मोठे ब्राउझर दर काही आठवड्यांनी नवी आवृत्ती काढतात आणि दर वेळी काहीतरी मोडून ठेवतात. त्यात जर्नलच्या प्रत्येक साइटसाठी एक वेगळा छोटा प्रोग्रॅम लिहावा लागतो. साइटवाल्यांनी पानाची रंगरंगोटी बदलली की तो कोलमडतो. हे सगळं करणारी माणसं मूठभर. त्यांनी माझ्या माकडामागे कुठे धावावं? पण मग वापरणारे कमी म्हणून सोय नाही आणि सोय नाही म्हणून वापरणारे कमी, हे चक्र कोणी थांबवायचं? मी तर ऐकणार नाही.

आणि मला राग येतो तो एवढ्यासाठी की, ही संदर्भांच्या सॉफ्टवेअरची जात मुळात अल्पसंख्याकांच्या घरात वाढलेली आहे. त्यातल्या झोटेरोचंच बघा. 2006 साली अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहासवाल्यांनी ते काढलं, तेव्हा ते फक्त फायरफॉक्समध्ये चालायचं. त्या वेळी वेबवर दादागिरी होती इंटरनेट एक्स्प्लोररची आणि फायरफॉक्स हा हौशी लोकांचा ब्राउझर. इतिहासाची माणसं तेव्हा हौशी लोकांच्या बाजूने उभी राहिली होती. आता त्यांच्याच बिरादरीतली मी रांगेत उभी आहे, तर खिडकी बंद.

"मावशी, सगळ्यांनी एकच ब्राउझर वापरला तर काय बिघडलं?" माझा भाचा विचारतो. तो इंजिनिअरिंगला आहे, त्याच्या जन्मानंतरचं जग त्याला पुरतं. त्याला काय माहीत, एका कार्यालयाचा फॉर्म फक्त इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये उघडायचा म्हणून आमच्या कॉलेजात एक कॉम्प्युटर खास जपून ठेवला होता. त्यावर प्लॅस्टिकचं कव्हर, कव्हरवर 'अपडेट करू नये' अशी चिठ्ठी, आणि किल्ली हेडक्लार्कच्या ड्रॉवरमध्ये. 15 जून 2022 ला मायक्रोसॉफ्टने त्या ब्राउझरला निरोप दिला. आमचे हेडक्लार्क त्यानंतरही काही महिने ते कव्हर रोज पुसत होते.

मग भाच्यानेच मला वेबची एक गंमत सांगितली. प्रत्येक ब्राउझर साइटच्या दारात गेला की आपली ओळख सांगतो, एका ओळीची. आणि ती ओळ म्हणजे निव्वळ बहुरूप्याचं सोंग! नव्वदच्या दशकात नेटस्केपचं टोपणनाव मोझिला होतं आणि चांगली, चौकटीवाली पानं फक्त मोझिला म्हणवणाऱ्यालाच मिळायची. म्हणून इंटरनेट एक्स्प्लोररही सांगू लागला, मी मोझिला. पुढे लिनक्सवाल्यांच्या कॉन्करर ब्राउझरचं इंजिन, म्हणजे पानं मांडणारा भाग, म्हणू लागलं, मी फायरफॉक्सच्या गेको इंजिनासारखा. त्या इंजिनावर अ‍ॅपलने सफारी उभारला, त्यानेही तेच म्हटलं. 2008 ला क्रोम आला, तो म्हणाला मी मोझिला, मी गेकोसारखा, मी सफारी, आणि जाता जाता, मी क्रोम. आता मायक्रोसॉफ्टचा एज या सगळ्यांची नावं घेतो आणि सगळ्यात शेवटी हळूच स्वतःचं. इतकी नावं तर आमच्याकडे उखाण्यातसुद्धा घेत नाहीत.

छोट्यांची फरफट तर विचारूच नका. 2003 साली मायक्रोसॉफ्टच्या एमएसएन पोर्टलवरून ऑपेरा या छोट्या ब्राउझरला पानाच्या मांडणीच्या सूचनांचा असा तुकडा जायचा की मजकूर डावीकडे सरकून पान बिघडलेलं दिसायचं. ऑपेरावाले नॉर्वेचे. त्यांनी भांडण न करता ब्राउझरची एक खास आवृत्ती काढली: तीत एमएसएनचं पान उघडलं की सगळा मजकूर विदूषकी बरळण्यासारखा दिसायचा. बाकी साइट नीट. याला म्हणतात अहिंसक सूड. पण त्याच ऑपेराच्या संस्थापकांपैकी एकाने पुढे विवाल्डी नावाचा ब्राउझर काढला, आणि साइट आपल्याला अडवतात म्हणून 2019 च्या शेवटी विवाल्डीने बहुतेक ठिकाणी स्वतःचं नाव सांगणंच सोडून दिलं. दारात विचारलं की म्हणतो, मी क्रोम. वाचून माझा घास घशात अडकला. भाचा म्हणाला, "मावशी, तूही तेच कर ना."

सीमंकीच्या सेटिंग्जमध्ये खरोखरच स्वतःला फायरफॉक्स म्हणवून घ्यायचा पर्याय आहे. मी तो निवडला. सॉफ्टवेअरचं पान उघडलं आणि काय सांगू, करडी ओळ गायब! तिथे निळंशार बटण, 'फायरफॉक्ससाठी जोडा'. मी पदर खोचून क्लिक केलं. फाइल आली, एक चौकट उघडली, आणि तिच्यात स्वच्छ लिहिलं होतं की हे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं हे उपांग, सीमंकीशी जुळत नाही. बाहेरच्यांना फसवलं, पण घरच्यांनीच ओळखलं. कारण असं की फायरफॉक्सने नोव्हेंबर 2017 मध्ये जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शनं बंद केली आणि नवी पद्धत आणली. सीमंकी जुनीच बोलतो. चारित्र्याच्या बाबतीत तो माझ्यावर गेलाय.

सध्या मी आडवाटेने चालले आहे. बहुतेक जर्नलच्या पानावर 'साइट' (Cite, म्हणजे संदर्भ द्या) असं काहीतरी लिहिलेलं असतं, तिथून लेखाचा तपशील असलेली आरआयएस नावाची चिमुकली फाइल उतरवता येते आणि ती सॉफ्टवेअरला भरवली की तोच परिणाम. लेखाचा डीओआय, म्हणजे त्याचा कायमचा ओळख-क्रमांक, टाकला तरी चालतं. याला कुठलाही ब्राउझर पुरतो. पण 'दर्पण'ला कुठला आलाय डीओआय! स्कॅन केलेल्या जुन्या अंकांत शके छापलेलं असतं, लेखकाच्या जागी 'एक वाचक' किंवा 'सत्यशोधक मित्र' असतो, आणि हे सगळं हातानेच टाइप करायचं. सॉफ्टवेअर 'सत्यशोधक' हे नाव आणि 'मित्र' हे आडनाव धरून त्याला सूचीत म वर नेऊन बसवतं. गाईडसरांनी त्यावर लाल वर्तुळ करून लिहिलं, 'हे मित्र कोण? बंगाली का?'

पुन्हा मेल लिहिली. या वेळी उत्तर आलं की आमचा कोड खुला आहे, तुम्ही स्वतः सुधारणा करून पाठवलीत तर आनंदाने बघू. भाच्याला रविवारी बोलावलं. पोहे केले, त्यावर ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. तो माझ्या लॅपटॉपसमोर बसला, सीमंकीत त्यांच्या कोडची साइट उघडली, आणि बराच वेळ नुसताच बघत राहिला. पानाचा वरचा पट्टा आला होता. खाली पांढरं.

"मावशी, कोड ठेवलाय त्या साइटलाही तुझा ब्राउझर चालत नाही."

"मग तिथल्या लोकांचा पत्ता दे," मी म्हटलं, "त्यांनाही एक मेल टाकते."

त्याने लिंबू न पिळताच पोहे संपवले आणि रविवार असूनही क्लासला निघून गेला.