थंडी रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

आमच्या घरात खाली फरशी तापते आणि वर रेडिएटर. घर दाखवताना हे सांगितलं गेलं तेव्हा आम्ही दोघांनी समजल्यासारख्या माना डोलावल्या. खालच्या मजल्यावर फरशीच्या पोटात पाइपांची वेटोळी, वरच्या खोल्यांत भिंतीला टेकलेले पांढरे रेडिएटर आणि दोघांना गरम पाणी पुरवणारा बॉयलर एक. इथवर ठीक होतं. पण खोलीची ऊब मोजून बॉयलरला चालू-बंद करणारा थर्मोस्टॅटही या सगळ्याला एकच, आणि तो खाली हॉलमध्ये.

आता या दोघांचे स्वभाव बघा. रेडिएटर शीघ्रकोपी. साठ-सत्तर अंशांचं पाणी पोटात गेलं की दहा-पंधरा मिनिटांत अंगावर येतो आणि तितक्याच चटकन निवतोही. फरशी पडली मुरलेली. तिला 35 ते 45 अंशांचंच पाणी चालतं. त्याहून कढत सोडलं तर पाय टेकवणार नाही. म्हणून तिच्या दाराशी एक मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवलेला असतो. बॉयलरकडून आलेल्या पाण्यात तो परतीचं कोमट पाणी मिसळतो आणि मगच आत सोडतो. पाइपांवर सहा-सात सेंटिमीटरचा सिमेंटचा थर. तो तापायला तीन-चार तास घेतो, आणि एकदा तापला की तुम्ही बंद करा नाहीतर हात जोडा, रात्रभर धुमसत राहतो.

साहजिकच संध्याकाळी फरशी सावकाश तापायची, तोवर हॉलमधला थर्मोस्टॅट "अजून, अजून" म्हणत बसायचा आणि वर बेडरूमची भट्टी व्हायची. मग एकदाचं हॉलचं समाधान झालं की बॉयलर बंद. फरशी रात्रभर ऊबदार, त्यामुळे थर्मोस्टॅट पहाटेपर्यंत ब्र काढत नसे. वर आम्ही दोघं कुडकुडत. बायकोने रेडिएटरवरचा नॉब 5 वर नेऊन ठेवला. मी तिला पांडित्याने समजावलं, की ते आकडे वेगाचे नसतात, मर्यादेचे असतात. 3 म्हणजे साधारण 20 अंश, 5 वर ठेवून खोली लवकर तापत नाही.

"मग 3 वर ठेवून तापते का?" तिने विचारलं.

तशीही तापत नव्हती. तो नॉब आलेलं पाणी अडवू शकतो, न आलेलं बोलावू शकत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

शेवटी कारागीर बोलावला. त्याने वरच्या आणि खालच्या पाइपांवर मोटरवाले वेगळे व्हॉल्व्ह बसवले, वर एक नवा थर्मोस्टॅट लावला, बॉयलरच्या कपाटात वायरींचं एक जंजाळ उभं केलं आणि जाताना म्हणाला, "आता खालचं खाली, वरचं वर."

त्यानंतरचे तीन आठवडे आमच्या संसारातले सर्वांत तप्त आठवडे होते. निदान खालच्या मजल्यावर तरी.

पहिल्या रात्री वर गार वाटलं म्हणून बायकोने वरचा थर्मोस्टॅट 22 केला. सकाळी मी खाली आलो तर फरशी चटचट. मी खालचा 18 केला. वर आणखी गार. तिने वरचा 24 केला. खाली मला घाम. मी खालचा 15 केला, खिडकी उघडली आणि ती चोरून आकडा वाढवते आहे अशा संशयाने तिच्याकडे पाहिलं. तीही तसंच पाहत होती. दोघंही एकमेकांचे आकडे तपासायला चोरपावलांनी जिन्यात, आणि जिना हा घरातला असा एकमेव भाग, की जिथे हवा बरी होती.

फरशी जरा चपळ असती तर पहिल्याच दिवशी उलगडा झाला असता. रात्री फिरवलेल्या चकतीचं फळ ती सकाळी देते; मधल्या वेळात माणसाने चार वेगळी बटणं दाबलेली असतात. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यासाठी याहून सोयीची यंत्रणा नाही.

कोडं सोडवलं बायकोने. एका रविवारी तिने दोन्ही थर्मोस्टॅट 10 वर आणले आणि मला दुपारपर्यंत कशालाही हात लावायची बंदी केली. स्वेटर चढवून आम्ही सगळं निवायची वाट पाहिली. मग ती वर गेली आणि मला बॉयलरच्या कपाटात उभं केलं, एक हात वरच्या पाइपावर, दुसरा खालच्या.

"आता फक्त वरचा वाढवतेय!" ती ओरडली.

कपाटात घर्रर्र झालं. बॉयलर पेटला. मिनिटाभरात माझा हात चटकला. खालच्या पाइपावरचा.

"कुठला तापला?"

मी थोडा वेळ गप्प राहिलो. तीन आठवडे ती वरून माझी फरशी तापवत होती आणि मी खालून तिचे रेडिएटर विझवत होतो. त्यात खालची हवा तापली की खालचा थर्मोस्टॅट रेडिएटरांना सांगे, "पुरे." त्यामुळे वर गारवा वाढे आणि वरचा थर्मोस्टॅट फरशीला सांगे, "आणखी." आम्ही भांडलो नसतो तरी त्या दोघांनी हेच केलं असतं. आम्ही नुसती फोडणी घातली.

कारागिराने येऊन दोन वायरींची अदलाबदल केली. काम पाच मिनिटांचं. उरलेला वेळ तो हे मुळात असंच होतं असं पटवून देत होता.

आता खरोखरच खालचं खाली आणि वरचं वर. फरशीचा आकडा मी दिवसरात्र एकच ठेवतो, रात्री फार तर दोन अंश कमी. रोज बंद करून रोज तिला नव्याने मनवण्यात अर्थ नसतो. रेडिएटरांना वेळापत्रक आहे, ते पाळतात.

काल रात्री मी खाली वाचत बसलो होतो. वरून आवाज आला, "अरे, इथे गार वाटतंय, जरा वाढव ना."

मी उठलो आणि सवयीने, अगदी मनापासून, खालचा थर्मोस्टॅट दोन अंशांनी वाढवला. चूक लक्षात आली ती आज सकाळी, अनवाणी जिना उतरून फरशीवर पाय ठेवल्यावर.