खेळ फुकट द्या, शेवट मात्र देऊ नका

आपण नाटक काढण्याच्या, चित्रपटात पैसा घालण्याच्या किंवा एखाद्या वाहिनीकडून मालिका पदरात पाडून घेण्याच्या विचारात असाल, तर तो विचार वेळीच सोडून द्यावा, असा आमचा आपल्याला आपुलकीचा सल्ला आहे. या तिन्ही धंद्यांत एकच जुनाट खोट आहे: त्यांत जे तयार होते ते कधी ना कधी संपते. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीला प्रयोग केला तेव्हापासून आजपर्यंत शेवटचा अंक आटोपला की प्रेक्षक उठतो, आणि त्याच्या खिशात जे काही उरले असेल ते त्याच्याबरोबर सुखरूप घरी जाते. ज्या माणसाला आपण तीन तास हसवले-रडवले, त्याच्याकडून दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासण्यापूर्वी आणखी एकोणनव्वद रुपये काढून घेण्याची कोणतीही सोय आपल्या रंगभूमीने केलेली नाही. दैनंदिन मालिकांनी शेवट लांबवण्याचे प्रामाणिक प्रयत्न केले, हे मान्य करावे लागेल; पण नायिकेची गेलेली स्मृती परत यावी म्हणून प्रेक्षकाने वेगळे पैसे भरावेत, इथपर्यंत त्यांचीही मजल गेली नाही.

व्हिडिओ गेमच्या धंद्याने ही खोट काढून टाकली आहे, आणि त्याचे फळ आकड्यांत दिसते. करोनापूर्वीच्या २०१९ साली जगभरच्या चित्रपटगृहांनी तिकीटबारीवर सुमारे ४२ अब्ज डॉलर जमवले आणि तो विक्रम म्हणून साजरा झाला. त्याच वर्षी लोकांनी गेमवर केलेला खर्च दीडशे अब्ज डॉलरांच्या आसपास होता. तरीही आपल्याकडे मुलगा सिनेमात सहायकाचा सहायक झाला तर ते पाहुण्यांना आवर्जून सांगितले जाते, आणि तो गेम तयार करत असेल तर ‘संगणकाचे काहीतरी करतो’ एवढ्यावर विषय आटोपता घेतला जातो. हा गैरसमज दूर करण्याच्या भानगडीत आपण पडू नये. वडीलधारी माणसे ज्याला पोरखेळ समजतात, त्याच्या हिशेबाच्या वहीत डोकावण्याची तसदी ती घेत नाहीत.

एके काळी सिनेमावालेही असेच समजत. १९८२ साली स्टीव्हन स्पीलबर्गच्या ‘ई.टी.’ने लोकांना वेड लावले, तेव्हा अटारी या व्हिडिओ गेम कंपनीने मोठी रक्कम मोजून त्या चित्रपटाचे हक्क घेतले आणि नाताळची विक्री हुकू नये म्हणून हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ या प्रोग्रॅमरला अख्खा खेळ तयार करायला जेमतेम पाच आठवडे दिले. चित्रपटाच्या नावावर काहीही खपते, ही त्यामागची श्रद्धा होती. पुढच्याच वर्षी त्या खेळाच्या न खपलेल्या कॅसेटी न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो गावच्या कचराभूमीत पुरण्यात आल्या, आणि २०१४ साली त्या उकरून काढल्या तेव्हा तिथे चक्क पुरातत्त्वज्ञ हजर होते. आज वारे फिरले आहे. मारिओ या व्हिडिओ गेमच्या नायकावर १९९३ साली काढलेला चित्रपट आपटला होता. २०२३ साली त्याच मारिओच्या चित्रपटाने १.३ अब्ज डॉलरांहून अधिक गल्ला जमवला. पूर्वी खेळ ही सिनेमाची जाहिरात असे, आता सिनेमा ही खेळाची जाहिरात झाली आहे, आणि विशेष म्हणजे ती पाहायला लोक तिकीट काढतात.

एवढ्याने खात्री पटत नसेल तर नेटफ्लिक्सची साक्ष काढावी. आपली स्पर्धा झोपेशी आहे, असे त्या कंपनीचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज २०१७ साली म्हणाले होते. ती लढाई जिंकत आली असावी, कारण जानेवारी २०१९ मध्ये भागधारकांना लिहिलेल्या पत्रात झोपेचा उल्लेख मागे पडला आणि एचबीओ या वाहिनीपेक्षा ‘फोर्टनाइट’ या खेळाशी आपली गाठ जास्त पडते व त्यात आपण हरतो, अशी कबुली आली. साऱ्या जगाला पहाटेपर्यंत जागे ठेवणाऱ्या कंपनीने २०२१ च्या अखेरीस निमूटपणे स्वतःच खेळ द्यायला सुरुवात केली.

आता कामाचे बोलू. खेळ फुकट द्यावा. तिकीट लावले की माणूस विचार करतो, आणि ग्राहकाने विचार करणे कोणत्याच धंद्याला मानवत नाही. फुकट मिळालेल्या वस्तूवर तो आधी वेळ घालवतो, आणि घालवलेल्या वेळाची लाज वाटू लागली की ती झाकण्यासाठी पैसे घालतो. या कामी ‘कँडी क्रश’चा आदर्श समोर ठेवण्यासारखा आहे. त्यात खेळाडूला पाच जीव मिळतात आणि गेलेला एक जीव भरून यायला अर्धा तास लागतो. हा अर्धा तास कोणत्याही तांत्रिक अडचणीमुळे लागत नाही. तो कुशल माणसांनी विचारपूर्वक तयार केलेला आहे, आणि ज्याला तो सोसवत नाही त्याला टाळण्याची सोय रोख पैशांत उपलब्ध आहे. करमणुकीच्या इतिहासात कंटाळा हा आजवर तोट्याच्या रकान्यात मांडला जात असे. तो जमेच्या बाजूला आणून दाखवणाऱ्या किंग या कंपनीला ॲक्टिव्हिजन या बड्या गेम कंपनीने ५.९ अब्ज डॉलर देऊन विकत घेतले. त्या किमतीत रंगीत गोळ्यांचा वाटा किती आणि अर्ध्या तासांचा किती, हे जाणकारांनी ठरवावे.

खेळात रुपयाला रुपया म्हणू नये. हिरे, रत्ने, सोन्याच्या विटा असे काहीही चालेल, कारण माणूस रत्ने ज्या हाताने उधळतो त्या हाताने रुपये उधळत नाही. वस्तू आठशे रत्नांची असेल तर रत्नांच्या थैल्या पाचशेच्या आणि हजाराच्याच ठेवाव्यात, म्हणजे खरेदीनंतर उरलेली दोनशे रत्ने खेळाडूच्या जिवाला खात राहतात आणि ती ‘वाया जाऊ नयेत’ म्हणून तो पुढची थैली घेतो. काटकसरीच्या संस्कारात वाढलेल्या मध्यमवर्गीय मुलांवर हा उपाय विशेष लागू पडतो, असे आमचे मत आहे. वस्तूचा उपयोग काय, याची चिंता नको. २००६ साली बेथेस्डा कंपनीने ‘ऑब्लिव्हियन’ या खेळातल्या घोड्यासाठी अडीच डॉलरांचे चिलखत विकायला काढले, तेव्हा तिची जगभर टिंगल झाली; पण टिंगलीचे पैसे पडत नाहीत आणि चिलखताचे पडतात, हा फरक कंपन्यांनी बरोबर हेरला. ‘फोर्टनाइट’मध्ये आज पोशाख आणि नाच विकले जातात. पोशाखामुळे नेम सुधारत नाही आणि नाचामुळे शत्रू पळत नाही.

बहुतेक खेळाडू आपल्याला एक पैसाही देणार नाहीत, त्यांच्यावर रागावू नये. मोजके खेळाडू भरमसाट खर्च करतात, त्यांना या धंद्यात आदराने ‘व्हेल’, म्हणजे देवमासे, म्हणतात, आणि त्यांनी घेतलेला पोशाख पाहून जळायला कोणीतरी हवेच असते. फुकटे म्हणजे त्या थोड्यांसाठी जमवलेली गर्दी होय. लग्नात अहेर न देता जेवून जाणारेही मांडव भरल्यासारखा दाखवतात, तसेच हे.

याच्या पुढची पायरी म्हणजे काय मिळणार हे न सांगता बंद पेटी विकणे. इथे मात्र इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीच्या अनुभवावरून शहाणे व्हावे. नोव्हेंबर २०१७ मध्ये तिच्या ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’ या खेळात पूर्ण किंमत मोजूनही डार्थ व्हेडर हे पात्र हाती यायला तासन्‌तास घाम गाळावा लागेल, असे उघड झाले आणि लोक खवळले. त्यावर, खेळाडूंना अभिमान आणि कर्तृत्वाची भावना लाभावी हाच आपला हेतू आहे, असे उत्तर कंपनीने दिले. त्या उत्तराला इतक्या लाखो लोकांनी नापसंती नोंदवली की त्याची गिनीज बुकात नोंद झाली. आमच्या मते कंपनीचे चुकले ते एवढेच, की तिने उत्तर दिले. पुढे २०१८ साली बेल्जियम सरकारने अशा पेट्यांना जुगार ठरवले. बेल्जियमच्या हवेतच काहीतरी दोष असावा, कारण त्याच देशातल्या गेंट शहरच्या लॅरियन या कंपनीने २०२३ साली ‘बॉल्डर्स गेट ३’ हा खेळ एकदाच किंमत घेऊन विकला, आत पेट्या ठेवल्या नाहीत, रत्ने ठेवली नाहीत, कथेला शेवटसुद्धा ठेवला, आणि तरीही त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळ म्हणून पुरस्कार मिळवला. असली उदाहरणे गुंतवणूकदारांसमोर काढू नयेत. त्यांचा विनाकारण गोंधळ होतो.

बटणे कुठे बसवायची, यावर लेखकापेक्षा जास्त खर्च करावा. ‘फोर्टनाइट’ची मालक एपिक गेम्स हिच्या खेळात, झोपी गेलेला पडदा जागा करताना किंवा वस्तू नुसती निरखून पाहताना शेजारचे बटण दाबले गेले तरी खरेदी होऊन जाई, असे अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाचे म्हणणे होते, आणि ज्यांनी बँकेकडे तक्रार करून पैसे परत मागितले, त्यांची खाती कंपनीने बंद केली, असेही आयोगाने म्हटले. डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीने मुलांच्या खासगी माहितीचे प्रकरण धरून एकूण ५२ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. ही रक्कम ऐकून छाती दडपू देऊ नये. तिला दंड न समजता परवाना शुल्क समजावे आणि पहिल्याच अंदाजपत्रकात तिची तरतूद करून ठेवावी.

एवढे करूनही लोक शेवट मागतीलच, कारण गोष्टी ऐकत लहानाचे मोठे झाल्यामुळे त्यांना ती वाईट सवय लागलेली असते. त्यांना खोटा शेवट दाखवावा. ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘फोर्टनाइट’चे अवघे जग एका कृष्णविवरात गडप झाले आणि सुमारे दीड दिवस पडद्यावर त्या काळ्या विवराखेरीज काहीही नव्हते. लाखो लोक ते विवर पाहत बसले. ज्या दिग्दर्शकांना पहिल्या दहा मिनिटांत प्रेक्षक मोबाइल बाहेर काढतो याचे दुःख आहे, त्यांनी या घटनेचा अभ्यास करावा. दीड दिवसाने नवे जग उघडले, नवे पोशाख विक्रीला आले आणि शेवट झाला होता हे सगळे विसरले.

खरा शेवट आपल्या सोयीने करावा, आणि तो कथेचा न करता मालकीचा करावा. युबीसॉफ्टचा ‘द क्रू’ हा मोटार शर्यतींचा खेळ २०१४ साली बाजारात आला. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने त्याचे सर्व्हर बंद केले आणि ज्यांनी पूर्ण किंमत देऊन तो घेतला होता त्यांनाही तो खेळता येईनासा झाला. आजोबांच्या कपाटातली जुनी कादंबरी प्रकाशकाने रात्री येऊन परत नेल्याचे आपण कधी ऐकले नसेल, कारण प्रकाशन व्यवसाय अजून फार मागासलेला आहे. कॅलिफोर्नियाने त्यानंतर कायदा करून, ग्राहकाला केवळ परवाना मिळतो आहे हे स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘खरेदी करा’ असे लिहिण्यास दुकानांना मनाई केली. ते खुशाल सांगावे. बारीक अक्षरात सांगितलेले सत्य वाचून कोणी बटण दाबायचा थांबल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

कर्मचाऱ्यांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड ही कंपनी ६८.७ अब्ज डॉलरांचा सौदा करून ताब्यात घेतली आणि जानेवारी २०२४ मध्ये आपल्या गेम विभागातल्या १,९०० माणसांना घरी पाठवले. पुण्या-मुंबईच्या मंडळींनाही या जागतिक कुटुंबात स्थान आहे: ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या जुन्या खेळाला नवे रूप देण्याचे काम युबीसॉफ्टने आपल्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे सोपवल्याचे २०२० साली थाटात जाहीर केले आणि २०२२ साली ते काम माँट्रियलला नेले. थाट कोणाकडून परत घेतला गेला नाही.

राहता राहिली कायद्याची धास्ती. ती बाळगण्याचे कारण नाही. ‘पबजी’वर केंद्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये बंदी घातली, आणि जुलै २०२१ मध्ये जवळपास तोच खेळ नावात ‘इंडिया’ घालून परत आला. जुलै २०२५ मध्ये आपल्या विधान परिषदेत बसलेल्या तेव्हाच्या कृषिमंत्र्यांच्या मोबाइलवर रमीचा डाव दिसत असल्याची चित्रफीत पसरली. आपण खेळत नव्हतो, मध्येच आलेली जाहिरात घालवत होतो, असा खुलासा त्यांनी केला. जाहिरात घालवायला किती वेळ लागू शकतो हे प्रत्येक मोबाइलधारक जाणतो, त्यामुळे त्यावर आम्ही काही बोलणार नाही. महिना संपता संपता त्यांच्याकडचे कृषी खाते काढून त्यांना क्रीडा खाते देण्यात आले. ऑनलाइन खेळांना क्रीडाप्रकार म्हणून मान्यता मिळावी यासाठी ई-स्पोर्ट्सवाले वर्षानुवर्षे खेटे घालत होते, त्यांना इतका जवळचा रस्ता कोणी दाखवला नव्हता.

त्यानंतर तीनच आठवड्यांनी, २२ ऑगस्ट २०२५ रोजी, ऑनलाइन गेमिंगच्या नव्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली आणि पैसे लावून पैसे जिंकण्याच्या आशेने खेळले जाणारे सगळे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बेकायदा ठरले. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. क्रिकेट संघाच्या छातीवरून मुंबईच्या ड्रीम ११ कंपनीचे नाव उतरले. आपण मात्र कायद्याची व्याख्या शांतपणे पुन्हा वाचावी. गुन्हा ठरतो तो खेळाडूला काही परत मिळण्याची आशा दाखवल्यामुळे. आपल्या खेळात पैसा एकाच दिशेने जातो, आणि त्यातून कधी काही परत मिळेल अशी आशा खेळाडूला, त्याच्या आईवडिलांना किंवा आपल्या विक्री विभागाला पहिल्या दिवसापासून नसते. तेव्हा वकिलाची फी वाचवावी आणि ती पोशाखांच्या खात्यावर टाकावी.